क्लच नसलेली गाडी

दादाचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला आणि त्यानंतर वहिनी माझ्याशी थेट बोलायची बंद झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी अजून म्हणतो. आमच्या पाड्यावर कोणालाही विचारलं तर तो संबंध लावूनच सांगेल.

जव्हारच्या स्टँडवरून माझ्या जीपा चालतात. साखरशेत, दाभोसा, मोखाडा, जिथे एसटी वेळेवर पोचत नाही तिथे माझी जीप पोचते. हे मला कोणी दिलेलं नाही. वडिलांच्या वाटणीच्या उतारावर नागली पिकायची, खाली थोडा भात, आणि दाणे संपत आले की घरातले सगळे कामाला बाहेर पडायचे. मी गवताच्या व्यापाऱ्याकडे ट्रकवर पेंढ्या चढवायचो. तिथे एक गोष्ट शिकलो. भाव करताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं. विकायची घाई असलेल्या माणसाचे हात स्वस्थ बसत नाहीत. तेवढ्या एका शहाणपणावर मी पहिली जुनी जीप घेतली, मग दुसरी, मग तिसरी. नवी गाडी मी जन्मात घेतलेली नाही. नव्या गाडीत घासाघीस करायला काही राहत नाही.

पहिली जीप कागदावर माझी आणि हातात दादाची. तो माझ्यापेक्षा मोठा, पण धंद्याचं डोकं त्याला नव्हतं आणि मला गाडीचा हात नव्हता. तो चालवायचा तेव्हा म्हाताऱ्या बायका पुढची जीप सोडून त्याच्या जीपसाठी थांबायच्या. भांडं डोक्यावर ठेवून उतरता येईल इतकी हळू तो गाडी थांबवायचा.

एका श्रावणात मोखाड्याच्या रस्त्यावर, उताराच्या वळणावर, ती जीप गटारात जाऊन कुशीवर पडली. माणसं खरचटली. दादाचा डावा पाय क्लचचं पेडल आणि वाकलेला पत्रा यांच्यामध्ये सापडला. जीपमधली माणसं म्हणाली, ब्रेक लागला नाय. झालं. ब्रेक लागला नाही म्हणजे मालकाने ब्रेक केले नव्हते, आणि मालक म्हणजे मी. त्याच आठवड्यात मी चारी चाकांचे ब्रेक नवे करून घेतले होते, मिस्त्रीच्या डोक्यावर उभा राहून. हे मी ज्याला त्याला सांगत राहिलो. लोक मान डोलवायचे आणि दुसरीकडे बघायचे.

खरं काय झालं ते दादानेच मला दवाखान्यात सांगितलं. आमच्याकडे जीप भरली की शेवटचा माणूस ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला, दाराच्या बाजूला कोंबतात. ड्रायव्हर मग अर्धा तिरका बसून गाडी हाकतो. माझ्या जीपमध्ये याला सक्त मनाई होती, दादालाही. त्या दिवशी दादाच्या उजवीकडे एक माणूस होता. वळणावर स्टिअरिंग पुरतं फिरलं नाही, दादाचं कोपर त्याच्या पोटात अडकलं. तो माणूस बाहेर भाताच्या चिखलात फेकला गेला आणि कपडे झटकत उठला. तो वहिनीचा सख्खा भाऊ.

"तिला सांगू नको," दादा म्हणाला. "तिचं माहेर तेवढंच उरलंय."

मी सांगितलं नाही. हा माझा राग समजून घ्यायचा असेल तर एवढं लक्षात ठेवायला हवं. ज्याच्यामुळे झालं तो दिवाळीला येऊन बहिणीच्या हातचं जेवून जायचा, आणि मी गेलो की वहिनी भिंतीशी बोलायची. "त्यांना सांगा, चहा ठेवलाय." मी समोर बसलेलो असायचो. दादा मला सांगायचा, चहा ठेवलाय.

दादाला सरकारी शिबिरात कृत्रिम पाय मिळाला. त्यावर तो अंगणात फिरायचा, पण जीप त्याच्याच्याने होईना. पाय कुठे टेकलाय तेच कळत नाही, मग क्लच किती दाबला ते काय कळणार, असं म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला. तो जो बसला तो बसलाच. शेताकडे जाईना, बाजाराला येईना. रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून सांगायचा, याचा सायलेन्सर फुटलाय, याने तिसऱ्यात घ्यायला हवी होती. मग तेही सांगायचं बंद झालं.

जव्हारच्या कड्याच्या बाजूला मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला आहे. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी मला सामान हलवायला बोलावलं. यजमान गेले होते, बंगला काढायचा होता. मागे पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी होती. बाईंनी विचारलं, ओळखीचा भंगारवाला आहे का. मी ताडपत्री उचलली. जपानी बनावटीची उंच गाडी, आमच्याकडच्या कोणत्याच गाडीसारखी न दिसणारी. यजमान आफ्रिकेत साखर कारखान्यात होते. परत येताना घरच्या सामानाबरोबर त्यांनी ती जहाजाने आणली, कस्टमचा कर भरला, मुंबईत नोंदणी केली. ते आजारी पडले आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. नोंदणीची मुदत कधीच संपली होती. कायद्याच्या हिशोबाने ती आता गाडीच नव्हती, रस्त्यावर आणणं गुन्हा होता.

मी सवयीने दार उघडून आत वाकलो. खाली दोनच पेडल.

"क्लच कुठाय?"

"याला नसतो," बाई म्हणाल्या. "गिअर आपोआप पडतात. आमचे हे म्हणायचे, डाव्या पायाला सुट्टी."

मी वाकूनच क्लचच्या जागी हात फिरवून पाहिला, तिथे नुसता पत्रा होता. मग बाहेर येऊन नेहमीसारखी सुरुवात केली. टायर गेलेत, पत्रा खाल्लाय, काच धुरकटलीय, हिचा एक दिवा फुटला तर सगळ्या मुलखात मिळायचा नाही. बाईंचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तुम्हाला कशाला हवी आहे? सौद्यात मी खरं कधी सांगत नाही. त्या दिवशी सांगितलं. बाई म्हणाल्या, भंगारवाला जे देईल ते द्या. आणि आत जाऊन यजमानांची फाइल घेऊन आल्या. कस्टमच्या पावतीपासून नोंदणीच्या पुस्तकापर्यंत सगळं एकावर एक लावलेलं. असा सौदा मला आवडत नाही. घासाघीस न होता मिळालेल्या वस्तूचे उपकार राहतात.

गाडी क्रेनने उचलून दादाच्या अंगणात नेऊन ठेवली. तो ओट्यावरून उठला नाही.

"दोनच पेडल? मग हिला चालवायची कशी? हिच्यात नुसतं बसायचं."

"बस मग."

"बायकामाणसांची गाडी."

"बस तर."

तो कुबडी टेकत आला. सीट खुर्चीच्या उंचीची होती, त्याला नुसतं सरकून आत जाता आलं. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आरसा स्वतःच्या डोळ्यांना लावून घेतला आणि जेवणाची वेळ झाली तरी बाहेर आला नाही. वहिनी दारात उभी होती. माझ्याकडे न बघता ती गाडीला म्हणाली, "जेवायला इथंच आणून द्यायचं का?"

पुढचं कसं होतं ते सांगतो, म्हणजे मी इतका का दमलो ते कळेल. दादाच्या लायसन्सची मुदत संपून फार काळ लोटला होता, त्याला नव्याने परीक्षा द्यावी लागणार होती. पाय नसलेल्या माणसाची परीक्षा तो जी गाडी चालवणार त्याच गाडीवर घेतात. ती गाडी रस्त्यावर चालायला कायद्याने मोकळी हवी. म्हणजे आधी गाडी, मग लायसन्स, मग दादा ओट्यावरून उठणार. यातलं काहीही मागेपुढे करून चालत नव्हतं. मी करून पाहिलं.

विमा घ्यायला गेलो तर म्हणाले, आमच्या यादीत ही गाडीच नाही, हिची किंमत काय धरायची? मी म्हटलं, मी घेतली ती धरा. ती ऐकून ते हसले. दुसरीकडे गेलो, तिसरीकडे गेलो. शेवटी एकाने नुसता समोरच्याच्या नुकसानीचा विमा दिला, आमचं काय व्हायचं ते होवो. पुढचा इंडिकेटर फुटला होता, त्यासाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारात दिवस घालवला आणि रिकामा परत आलो. मग जीपचाच इंडिकेटर पत्रा कापून बसवला. समोरचा जादा लोखंडी बंपर कायद्यात बसत नाही म्हणून काढला. काचेवरची काळी फिल्म खरवडली. धुराच्या तपासणीला गाडी न्यायची तर ती रस्त्यावर चालवता येत नाही, आणि तपासणी केल्याशिवाय चालवायला परवानगी नाही. पुन्हा क्रेन. प्रत्येक खिडकीवर मी आवाज चढवला आणि प्रत्येक खिडकीवर मला तितक्याच शांतपणे पुढच्या खिडकीकडे पाठवलं. पूर्वी माझ्या आवाजाने कामं व्हायची. आता समोर संगणक असतो, त्याला आवाज ऐकू येत नाही.

तरी जमत आलं. जव्हारला आरटीओचं शिबिर लागतं, तिथे साहेब गाडी डोळ्यांनी बघणार, कागदाशी ताडून पाहणार, आणि मग नोंदणी पुढे चालू होणार. आदल्या दिवशी मी कागदांसाठी खाली, म्हणजे घाटाखालच्या ऑफिसात गेलो होतो. आणि इकडे दादाने पासिंगची तयारी केली.

आमच्याकडे तपासणीला गाडी न्यायची म्हणजे तिला पासिंगचा रंग द्यायचा. हा रंग एका पावसापुरता असतो, पण तो नसेल तर साहेब गाडीकडे बघत नाही, असं प्रत्येक जीपवाला मानतो. खालचा पत्रा तारेच्या ब्रशने घासायचा, गंज असेल तिथे ग्राइंडर मारायचा, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरायचा, मग लाल ऑक्साइड आणि वर काळा. दादाने आयुष्यभर हेच केलं होतं. गाडीचा चेसिस नंबर लोखंडात ठोकलेला असतो, त्याला हात लावायचा नाही, ग्रीस लावून झाकायचा, हेही त्याला पक्कं ठाऊक. पण जीपचा नंबर खालच्या लोखंडी पट्टीवर असतो. या गाडीला ती पट्टीच नव्हती. तिचा नंबर इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या उभ्या पत्र्यावर ठोकलेला होता, आणि वर्षानुवर्षं पाणी झिरपून त्याच पत्र्यावर गंजाचे पापुद्रे चढले होते. पेंटर म्हणाला, इथं फार खाल्लंय. दादा स्टुलावर बसून म्हणाला, मग मार ग्राइंडर. दोघांनी मिळून तो पत्रा आरशासारखा केला आणि वर लांबी, रंग चढवला.

साहेबांनी बॉनेट उघडलं. टॉर्च मारली. बोटाने पत्रा चाचपला. मग कागदाकडे बघितलं, पुन्हा पत्र्याकडे बघितलं आणि टॉर्च बंद केली.

"नंबर कुठाय?"

दादाने अभिमानाने खाली बोट दाखवलं, खालीच असेल, साहेब. साहेब म्हणाले, या गाड्यांचा इथेच असतो, आणि इथे नवा रंग आहे. नंबर घासलेली गाडी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मला सांगायला नकोच होतं. चोरीची गाडी. साहेब वाईट माणूस नव्हता, त्याला तेच लिहावं लागत होतं. गाडी पोलिस ठाण्याच्या आवारात गेली.

मी दादाला स्टँडवर, सगळ्यांसमोर झाडला. इतका की चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं? मला विचारायला काय झालं होतं? खरं तर विचारलं असतं तरी मलाही तो नंबर कुठे असतो ते माहीत नव्हतं, पण ते वेगळं. दादा कुबडीवर भार टाकून ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "झालं? आता ठाण्यात चल. लिहून द्यायचं असंल ते मी देतो."

ठाण्यात त्याने जबाब दिला. लिहून घेणारा हवालदार त्याच्या वेगाने लिहीत होता आणि दादा एकेक वाक्य सांगून थांबत होता. ग्राइंडर मी मारायला सांगितला. नंबर तिथं असतो ते मला माहीत नव्हतं. पेंटरचा दोष नाय. माझ्या भावाला यातलं काय ठाऊक नव्हतं, तो खाली गेला होता. चूक माझी.

मी शेजारच्या बाकावर बसलो होतो. बाहेर पडल्यावर मला आधी काही कळेना की मला नेमका कशाचा राग आलाय. मग कळलं. एका नंबरासाठी हा माणूस चारचौघांत, सरकारी कागदावर, सरळ सांगू शकतो की चूक माझी, भावाचा काही दोष नाही. मग ब्रेकचं का नाही?

त्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा मांडला. दादाला जीपमध्ये बसवला, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि म्हटलं, हा नंबर परत उभा करायला मला किती ऑफिसं फिरावी लागणार ते तुला दिसतंय. मी फिरतो. तू एक कर. वहिनीला सांग की ब्रेक चांगले होते आणि उजवीकडे कोण बसलं होतं.

त्याने मान हलवली.

"नाय जमणार, बारक्या."

"का?"

"तू नाय फिरलास तर मी ओट्यावर बसेन. मला सवय झालीय. तिला माहेर तोडायची सवय नाय लागणार."

मी गाडी सुरू केली. मी त्याच्या हातांकडे बघितलं होतं, ते मांडीवर स्वस्थ होते.

आणि मी फिरलो. का फिरलो हे मला विचारू नका. मुंबईच्या ऑफिसात गाडीची जुनी नोंद शोधून काढली. कस्टमच्या कागदाची खात्री करून आणली. चोरीच्या गाड्यांच्या नोंदीत ती नाही, असा दाखला आणला. प्रत्येक कागद आणेपर्यंत आधीच्या कागदाची मुदत संपायची. पाऊस आला आणि गेला, भात कापणीला आला. गाडी ठाण्याच्या आवारात पकडलेल्या मोटरसायकलींच्या शेजारी उभी होती. दादा माझ्याच जीपने येऊन तिच्यात बसायचा. हवालदारांनी पहिल्यांदा हटकलं, मग त्याला काका म्हणू लागले, मग त्यांच्या गाडीचं इंजिन खडखडलं की कान लावायला बोलवू लागले. दादा ओट्यावरून उठून निदान ठाण्यापर्यंत तरी यायला लागला होता. मी मनात म्हणायचो, स्वस्तात पडलं. पण स्वस्तात काहीच पडत नव्हतं, माझे गुडघे जिने चढून कामातून गेले होते.

शेवटी पोलिसांच्या प्रयोगशाळेचा माणूस आला. त्याने पत्र्यावरचा रंग आणि लांबी काढली, पत्रा पुसला आणि कापसाने कसलंसं आम्ल लावत बसला. लावायचं, थांबायचं, पुसायचं. मी विचारलं, घासून गेलेलं परत कसं येणार? तो म्हणाला, आकडा ठोकताना पत्रा आतपर्यंत दबतो, वरचं घासलं तरी आतलं दबलेलं राहतं. थोड्या वेळाने पत्र्यावर ओलसर, करडी अक्षरं उमटू लागली. कोणी श्वास टाकून काचेवर बोटाने लिहावं तशी. दादा बॉनेटवर इतका वाकला होता की त्या माणसाने त्याला मागे सारलं. एक आकडा संशयाचा निघाला, बाकीचे कस्टमच्या कागदाशी जुळले. त्या जोरावर आरटीओने तोच नंबर पुन्हा ठोकायची परवानगी दिली. लोहारकाम करणाऱ्या माणसाने साहेबांसमोर एकेक आकडा ठोकला. प्रत्येक घावाला दादा डोळे मिटत होता.

नोंदणी झाली. गाडी दादाच्या नावावर करावी लागली, कारण अपंग माणसाच्या गाडीला करात सूट त्याच्याच नावावर मिळते. माझ्या पैशाने घेतलेली आणि माझ्या नावावर नसलेली ती एकच गाडी. नव्या नंबरपाट्या बसल्या त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. मी घरी येऊन झोपलो.

परीक्षेला वहिनी बरोबर आली. दादा बाहेरचं खात नाही म्हणून, असं तिने दादाला सांगितलं. खाली मैदानावर साहेबाने त्याला पुढे घ्यायला सांगितलं, मागे घ्यायला सांगितलं, चढावर थांबवून पुन्हा सोडायला लावलं. गाडी एक वीतही मागे सरकली नाही. साहेब उतरताना म्हणाला, किती वर्षं चालवताय? दादा म्हणाला, चालवत नव्हतो, आता सुरू केलंय. हातात लायसन्स पडायला पुढे काही दिवस गेले, आणि ते आलं तेव्हा दादा म्हणाला, जव्हारला येतो, तिथून घरापर्यंत मी नेतो.

तर असे आम्ही निघालो. दादा चालवतोय, वहिनी त्याच्या डावीकडे मांडीवर डबा धरून, मी मागे. दादाचा कृत्रिम पाय आडवा टाकलेला, सुट्टीवर. गाडी आवाज न करता गिअर बदलत होती आणि प्रत्येक वेळी दादाचा डावा हात सवयीने उठत होता आणि रिकामा परत जात होता. मोखाड्याच्या रस्त्याला लागलो. ते वळण जवळ आलं तसा त्याने वेग कमी केला.

मला राहवलं नाही. मी मागून म्हटलं, "आता तरी सांग तिला."

वहिनी समोर काचेतून बघत होती.

"काय सांगायचंय ह्यांनी, भावोजी?" ती म्हणाली. "माझा भाऊ उजवीकडं बसला होता, ते?"

भावोजी. इतक्या वर्षांनी. दादाचा पाय ब्रेकवर गेला असावा, कारण गाडी मंद झाली आणि वळणाच्या अलीकडे उभीच राहिली.

"भावानं मला त्याच आठवड्यात सांगितलं," ती म्हणाली. "पाया पडून रडला. तुला कळलंय ते दाजींना सांगू नको म्हणाला. मीपण सांगितलं नाय, ह्यांना वाटलं असतं मी माहेरावर रागावले. ब्रेक चांगले होते, ते मला तेव्हापासून ठाऊक हाय."

"मग?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मग माझ्याशी भिंत कशाला मध्ये घातलीस?"

"तीच जीप, भावोजी. ह्यांची जखम ओली होती. तुम्ही ती ठोकून रंगवून घेतली आणि दुसरा ड्रायव्हर बसवून माझ्या दारावरनं नेली. आणि दाराशी येऊन तो हॉर्न वाजवायचा. रोज सकाळी. हे ओट्यावर. तुम्हाला एकदापण वाटलं नाय, की तिथं नको वाजवू म्हणून सांगावं?"

माझ्याकडे उत्तरं होती. हॉर्न पाड्यावरच्या उतारूंसाठी असतो. जीप उभी ठेवली असती तर दवाखान्याचं कोणी भरलं असतं, ह्या गाडीचं? ती उत्तरं अजून माझ्याकडे आहेत आणि त्यातलं एकही खोटं नाही. पण इतकी वर्षं मी ब्रेकचा खटला लढत होतो, आणि समोरच्याने तो कधी घातलाच नव्हता. मला एकदम फार दमल्यासारखं झालं. घाट उतरून चढून आल्यावर कोणीतरी सांगावं, की आज बाजारच नव्हता, तसं.

मागून एसटी आली आणि तिने भोंगा दिला. दादाने गाडी सोडली आणि ते वळण असं घेतलं की वहिनीच्या मांडीवरचा डबा हललासुद्धा नाही.

पाड्यावर पोचलो तेव्हा तिने मला चहा विचारला. थेट. मी घेतला. दादा गाडी पुसत बाहेरच होता.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला सांगितलं, दादाच्या दारात हॉर्न वाजवायचा नाही, पुढे चिंचेपाशी वाजव. त्याने मान डोलवली. दादा आता रोज गाडी काढतो. कोणाला बाजाराला सोडतो, कोणाला दवाखान्यात. मी त्याला बजावलंय, ही पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी गाडी आहे, भाडं घेतलंस तर माझे सगळे कागद पाण्यात. तो भाडं घेत नाही, काकड्या घेतो. उजवीकडे मात्र कोणाला बसवत नाही, बसवायला जागाच नाही.

मग एके सकाळी त्याचा फोन आला.

"बारक्या, हॉर्न का बंद केला रे?"

मी म्हटलं, वहिनीला विचार.

"तिनंच विचारायला सांगितलंय. हॉर्न वाजला की ती भाकर टाकायची. आता वेळच कळत नाय. भाकर होईस्तोवर तुझी जीप पुढं निघून जाते, आणि मला तिच्या मागं धूळ खात जावं लागतं."

मी फोन ठेवला आणि ड्रायव्हरला बोलावून सांगितलं, पुन्हा वाजव. तो म्हणाला, शेठ, नक्की काय करू? मी त्याच्यावर ओरडणार होतो. पण अंगात तेवढं त्राण नव्हतं.